मळसूत्र : एक वस्तुपाठ

(प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी निवडलेला विषय ऐकून आपणांपैकी काहींना हसू येण्याचा संभव आहे. संगणक आणि उपग्रह यांच्या गोष्टी आता खेड्यातील मुलांच्याही तोंडी आहेत. अशा वेळी मी बोलणार आहे ते बोटाच्या पेराएवढ्या लोखंडी मळसूत्राविषयी, म्हणजे ज्याला आपण नित्याच्या बोलण्यात 'स्क्रू' म्हणतो त्याविषयी. परंतु उपग्रह मुलाच्या हाती येत नाही आणि मळसूत्र येते, एवढे एकच कारण या निवडीला पुरेसे आहे असे मला वाटते.

साधी यंत्रे हा पाठ आपण सर्वांनी शिकविलेला आहे. तरफ, कप्पी, चाक व आस, उतरण, पाचर आणि मळसूत्र ही सहा नावे मुले तालासुरात म्हणून दाखवितात. परीक्षेत प्रश्न आला तर पाचही गुण मिळवितात. पण त्याच मुलांना, "या खोलीत मळसूत्र कोठे आहे ते दाखवा," असे सांगून पाहावे. पुष्कळ मुले पुस्तकातील चित्राकडे बोट दाखवितील. वर्गाच्या दाराची बिजागरी मळसूत्रांनी बसविलेली असते, गुरुजींच्या चष्म्याच्या काड्या दोन इवल्याशा मळसूत्रांवर तोललेल्या असतात, आणि मुलाच्या दप्तरातील पाण्याच्या बाटलीचे झाकण हे स्वतःच एक मळसूत्र असते. वस्तू हाताशी आणि शब्द ओठाशी, पण दोहोंची गाठ पडलेली नाही, अशी ही अवस्था आहे. ही गाठ घालून देणे हेच प्राथमिक शिक्षकाचे खरे काम होय, आणि मळसूत्राच्या निमित्ताने ते कसे साधता येईल याचा आज विचार करावयाचा आहे.

प्रथम घरापासून आरंभ करू. दिवाळीच्या सुमारास घरोघरी चकल्यांचा सोऱ्या निघतो. त्याचा जो प्रकार मूठ फिरवून चालतो, त्यात दट्ट्याचा दांडा मळसूत्राचा असतो. मूठ एक वेळ फिरविली की दट्ट्या थोडासाच खाली सरकतो, पण घट्ट मळलेले पीठ मुकाट्याने साच्यातून बाहेर येते. प्रवासात पाणी नेण्याचा फिरकीचा तांब्या आजही काही घरांत जपून ठेवलेला आढळतो. त्याच्या झाकणाला आटे असतात, म्हणून तो कलंडला तरी पाणी सांडत नाही. आईच्या कुड्या कानात राहतात त्या मागच्या फिरकीमुळे. नळाची जुन्या पद्धतीची तोटी फिरविली की आतील मळसूत्र वर चढते व पाण्याला वाट मिळते. ही सर्व उदाहरणे मुलांकडूनच काढून घ्यावीत. शिक्षकाने दोन सांगावीत आणि उरलेली उद्या घरून शोधून आणण्यास सांगावे. मुली या कामात मुलांच्या पुढे जातील, कारण स्वयंपाकघरातील अर्धी यंत्रे त्यांच्या हाताखालून गेलेली असतात. यंत्र म्हणजे पुरुषांचे काम ही समजूत मोडण्यास सोऱ्यासारखे साधन नाही.

आता या वस्तूंतील समान तत्त्व कोणते ते पाहू. ते तत्त्व उतरणीचे आहे. साठ किलोचे पोते बैलगाडीत उचलून टाकावयाचे असेल तर दोन गडी लागतात. पण चाकोरीपासून गाडीपर्यंत लांब फळी लावली तर एकटा मनुष्यही ते वर ढकलीत नेऊ शकतो. फळी चार मीटर लांब आणि चढ एक मीटर उंच असला, तर घर्षण सोडून देता, पंधरा किलो वजन उचलण्यास लागते तेवढेच बल पुरते. बल चौथाई लागते, पण अंतर चौपट चालावे लागते. वाईहून पाचगणीस जाणारा पसरणीचा घाट ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हीच गोष्ट डोंगरावर लिहिलेली दिसेल. रस्ता सरळ माथ्यावर चढत नाही. तो वळणे घेत, डोंगराच्या कडेने लांबून जातो. लांबी देऊन चढाव विकत घ्यावयाचा, हा तो व्यवहार आहे.

हाच रस्ता डोंगराऐवजी एखाद्या खांबाभोवती गुंडाळला तर काय होईल? मनोऱ्यातील जिना होईल, ज्याला आपण मळसूत्री जिना म्हणतो. आणि तो खांब बोटाएवढा बारीक केला तर होईल तेच मळसूत्र. हे मुलांना शब्दांनी पटविण्याचे कारण नाही. त्यासाठी कागदाचा एक तुकडा पुरे. पाया चोवीस सेंटिमीटर आणि उंची सहा सेंटिमीटर असा काटकोन त्रिकोण कापावा. त्याची तिरपी कड दोन्ही बाजूंनी रंगीत खडूने रंगवावी. हा त्रिकोण म्हणजे आपली उतरण. आता सहा सेंटिमीटरची उभी बाजू गोल पेन्सिलीच्या लांबीशी समांतर धरावी आणि कागद पेन्सिलीवर घट्ट गुंडाळीत जावा. रंगीत कड पेन्सिलीभोवती फेऱ्या घेत चढताना दिसेल. साधारण पेन्सिलीवर सुमारे दहा वेढे पडतात, म्हणजे दर वेढ्याला चढ सुमारे सहा मिलिमीटर. दुसरा त्रिकोण तीनच सेंटिमीटर उंचीचा घेतला तर वेढे तितकेच पडतील, पण ते एकमेकांच्या अधिक जवळ येतील. दोन आट्यांमधील हे अंतर म्हणजेच मळसूत्राचा 'पिच'. हा शब्द मुलांना आधी सांगू नये. वेढ्यांतील अंतर त्यांनी पट्टीने मोजल्यावर, नाव देण्याची गरज त्यांनाच भासू लागेल; त्या वेळी तो द्यावा.

याच त्रिकोणाने आणखी एक गंमत दाखविता येते. त्रिकोण उलटा करून, म्हणजे त्याची आतील बाजू बाहेर करून गुंडाळला, की आटे उलट दिशेने चढतात. बाजारात मिळणारी बहुतेक मळसूत्रे उजव्या आट्यांची असतात. ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरविली की आत जातात. पण डाव्या आट्यांचे उदाहरणही शाळेच्या आवारातच उभे असते. सायकलीच्या डाव्या पेडलचे आटे डावे असतात. त्याचे कारण असे की, पायाच्या दाबाखाली पेडल फिरत असता त्याच्या आसाला अगदी सावकाश उलट फिरण्याची ओढ लागते. उजव्या बाजूस ही ओढ साध्या आट्यांना घट्ट करते. डाव्या बाजूस तीच ओढ त्यांना सैल करील. म्हणून तेथे आट्यांचीच दिशा बदललेली आहे. डावे पेडल काढावयाचे तर पान्हा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवावा लागतो. हे ठाऊक नसलेला मनुष्य जितका जोर करील, तितके पेडल अधिक घट्ट बसवील. नुसत्या जोरापेक्षा ज्ञान कसे उपयोगी पडते, हे दाखविणारे याहून सोपे उदाहरण मिळणे कठीण.

आता थोडे गणित करू. जीपचे चाक बदलताना मळसूत्राचा जॅक लावतात. समजा, त्याच्या दांड्याची लांबी पस्तीस सेंटिमीटर आहे आणि आट्यांतील अंतर एक सेंटिमीटर आहे. दांडा एक पूर्ण फेरा फिरला की हाताने दोनशेवीस सेंटिमीटर वाट चालली, आणि भार उचलला गेला एक सेंटिमीटर. हिशोबाप्रमाणे हाताने दहा किलोचे बल लावले तर दोन हजार दोनशे किलोचा भार उचलला जावा. सातवीच्या मुलांना वर्तुळाचा परीघ काढता येतो. तेव्हा हे उदाहरण गणिताच्या तासालाही घेता येईल. परंतु येथे एक सावधगिरी ठेवावी. "यंत्रामुळे काम कमी होते," असे वाक्य आपल्या तोंडून सहज निघून जाते. ते बरोबर नाही. काम कमी होत नाही. दहा गुणिले दोनशेवीस आणि दोन हजार दोनशे गुणिले एक यांचे उत्तर एकच येते. यंत्र बल वाचविते आणि अंतर वाढविते. फुकट ते काहीच देत नाही.

इतकेच नव्हे, तर मळसूत्र आपल्याकडून हिशोबापेक्षा बरेच अधिक काम घेते. वरच्या उदाहरणात प्रत्यक्षात दोन हजार दोनशे किलो उचलले जाणार नाहीत. कदाचित त्याच्या चौथाईएवढाच भार उचलला जाईल. उरलेले बल आटे एकमेकांवर घासण्यात खर्ची पडते. घर्षणात इतका नाश होणारे यंत्र मनुष्याने टाकून कसे दिले नाही, असा प्रश्न एखादा हुशार मुलगा विचारील, आणि त्याने तो विचारावा अशीच आपण इच्छा करावी. कारण या प्रश्नाच्या उत्तरातच मळसूत्राचे सारे मर्म आहे.

विहिरीवरील कप्पीने घागर वर ओढली आणि दोर सोडला, तर घागर धाडकन खाली जाते. पहारीने धोंडा उचलला आणि हात काढला, तर धोंडा पुन्हा बसतो. परंतु जॅकने गाडी उचलून आपण हात काढून घेतला, तरी गाडी तेथेच राहते. तिला धरून ठेवणारे कोण? तेच घर्षण, ज्याला आपण आतापर्यंत चोर म्हणत होतो. भार आट्यांच्या उतरणीवरून खाली घसरू पाहतो आणि घर्षण त्याला अडवून धरते. वर चढविताना आपल्याला भार आणि घर्षण या दोघांशीही झगडावे लागते. हात सोडल्यावर एकट्या घर्षणाला भार पेलावा लागतो. तेव्हा घर्षण निदान त्या भाराच्या तोडीचे तरी असलेच पाहिजे. म्हणूनच असा सिद्धांत आहे की, हात काढल्यावरही जे मळसूत्र भार धरून ठेवते, त्याची कार्यक्षमता निम्म्याहून अधिक असू शकत नाही. लावलेल्या श्रमाचा निम्म्याहून अधिक भाग ते घेते, आणि त्याच्या मोबदल्यात राखण करते. व्यवहारात राखणदाराला मजुरी द्यावीच लागते; येथेही तसेच आहे.

हे एकदा ध्यानात आले म्हणजे, वजन उचलण्याचे यंत्र आणि दोन वस्तू जोडण्याचे साधन ही दोन्ही कामे एकच मळसूत्र कसे करते, याचे कोडे उलगडते. चाकी, म्हणजे नट, बोल्टावर आवळीत गेले की दोन तुकडे एकमेकांवर दाबले जातात आणि बोल्ट किंचित ताणला जातो. डोळ्यांना दिसणार नाही इतका तो ताण असतो, पण ताणलेल्या स्प्रिंगेप्रमाणे बोल्ट त्या दोन तुकड्यांना सतत आवळून धरतो. आणि घर्षण त्याला उलट फिरू देत नाही. मात्र सतत हादरे बसत असले तर घर्षणाची पकड क्षणाक्षणाला सुटते आणि चाकी हळूहळू सैल होते. ट्रॅक्टर, मळणीयंत्र, पाण्याचा पंप यांच्या चाक्या वरचेवर तपासाव्या लागतात त्या यासाठी. चाकीखाली कापलेल्या कड्यासारखा स्प्रिंग वॉशर घालतात, किंवा एका चाकीवर दुसरी चाकी आवळतात, तेही यासाठीच. हे कारण ठाऊक असलेला मुलगा उद्या शेतात यंत्राजवळ उभा राहील तेव्हा ते सुरू करण्यापूर्वी पान्हा हाती घेईल. सैल चाकीमुळे फिरत्या यंत्राचा भाग निखळून माणसाचा हात जाऊ शकतो. म्हणून हा प्रश्न केवळ परीक्षेच्या गुणांचा नाही.

खिळा आणि मळसूत्र यांतील भेदही येथेच सांगून टाकावा. खिळा लाकडाचे तंतू बाजूला सारून आत घुसतो आणि ते तंतू त्याला दोन्ही बाजूंनी दाबून धरतात. तो सरळ ओढला की सरळ बाहेर येतो. लाकडी स्क्रूचे आटे मात्र तंतूंमध्ये शिरून बसतात. तो सरळ ओढून काढावयाचा तर तंतूच फाडावे लागतात. पण ज्या वाटेने तो आत गेला त्याच वाटेने फिरवीत आणला, तर कोणाचीही हानी न करता तो परत येतो. धरावे तर घट्ट, सोडावे तर सहज, हा गुण खिळ्यात नाही. मळसूत्राने जोडलेली वस्तू उघडता येते, आतील दोष दूर करता येतो आणि ती पुन्हा जोडता येते. आजकाल डिंकासारख्या द्रव्यांनी कायमच्या चिकटविलेल्या वस्तू पुष्कळ निघाल्या आहेत. त्या बिघडल्या की फेकून द्याव्या लागतात. ज्या समाजाला काटकसरीने राहावयाचे आहे, त्याने उघडता येणाऱ्या वस्तूंची किंमत मुलांच्या मनावर बिंबविली पाहिजे.

मळसूत्राचा इतिहासही मुलांना सांगण्याजोगा आहे. पहिली मळसूत्रे जोडण्यासाठी नव्हे, तर पाणी चढविण्यासाठी आणि फळे पिळण्यासाठी वापरली गेली. नळीत बसविलेले मोठे मळसूत्र तिरपे ठेवून फिरविले की पाणी पायरीपायरीने वर चढते. या साधनाला इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील ग्रीक शास्त्रज्ञ आर्किमिडीज याचे नाव मिळालेले आहे. आज मळणी व कापणीच्या मोठ्या यंत्रांत धान्य पुढे सरकविण्यासाठी हीच युक्ती योजतात, आणि तेलाच्या गिरणीतील एक्स्पेलरमध्ये शेंगदाणे पिळून निघतात तेही फिरत्या मळसूत्राच्या दाबाने. ऑलिव्हची फळे व द्राक्षे पिळण्यासाठी रोमन लोक इसवी सनाच्या पहिल्या शतकात मळसूत्राचे दाबयंत्र वापरीत. पुढे १४५० च्या सुमारास जर्मनीतील माइन्ट्स शहरी गुटेनबर्ग याने छपाई सुरू केली, ती तशाच लाकडी मळसूत्राच्या दाबयंत्रावर. असे छापयंत्र १५५६ मध्ये गोव्यात येऊन पोहोचले आणि भारतात छपाईला आरंभ झाला. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यातच, रोमन लिपीत, छापले गेले. मराठी पुस्तकांची छपाई अशा रीतीने मळसूत्राच्या एका आवळण्यातून सुरू झाली, हे आपण शिक्षकांनी तरी विसरू नये.

जोडण्याचे साधन म्हणून धातूची मळसूत्रे युरोपात पंधराव्या शतकापासून दिसू लागतात. पण ती कारागीर हातानेच कापीत. त्यामुळे एका बोल्टाची चाकी दुसऱ्याला बसत नसे. प्रत्येक जोडीवर खूण करून ठेवावी लागे, आणि एक हरवले की दुसरे निरुपयोगी होई. १८०० च्या सुमारास इंग्लंडमध्ये हेन्री मॉड्स्ले याने आटे कापण्याचा लोखंडी लेथ सुधारून इतका अचूक केला की, एकसारखी मळसूत्रे हवी तितकी करता येऊ लागली. तरीही प्रत्येक कारखान्याचे माप निराळे. याच मॉड्स्लेकडे काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ याने निरनिराळ्या कारखान्यांतील मळसूत्रे गोळा केली, ती मोजली, आणि १८४१ मध्ये सर्वांनी पाळावे असे एक माप सुचविले. आट्यांचा कोन पंचावन्न अंश, आणि प्रत्येक जाडीला इंचामागे आट्यांची संख्या ठरलेली. पुढे १८६४ मध्ये अमेरिकेत विल्यम सेलर्स याने साठ अंशांचा कोन घेऊन दुसरे माप सुचविले. अर्ध्या इंचाच्या इंग्रजी बोल्टाला इंचामागे बारा आटे, अमेरिकन बोल्टाला तेरा. केवळ एका आट्याचा फरक. पण इंग्रजी चाकी अमेरिकन बोल्टावर चढत नसे. दुसऱ्या महायुद्धात दोन मित्रराष्ट्रांना एकमेकांची यंत्रे दुरुस्त करताना या फरकाने बेजार केले. अखेरीस १९४८ मध्ये ब्रिटन, अमेरिका व कॅनडा यांनी आट्यांचे एक समाईक माप मान्य केले.

आटे न जुळण्याने काय घडू शकते, याची एक खरी हकीकत सांगतो. ७ फेब्रुवारी १९०४ रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात आग लागली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क येथून बंब धावून आले. माणसे होती, बंब होते, पाणीही होते. परंतु बाहेरून आलेल्या अनेक बंबांच्या नळ्यांचे आटे बाल्टिमोरच्या पाण्याच्या तोट्यांना जुळेनात. वाराही जोराचा होता. तीस तासांहून अधिक काळ आग धुमसत राहिली आणि दीड हजारांहून अधिक इमारती जळाल्या. मदत दारात उभी असूनही ती जोडता येऊ नये, याहून दुर्दैव ते कोणते? मापे, नियम, एकवाक्यता हे शब्द मुलांना कोरडे वाटतात. ही हकीकत ऐकल्यावर ते तसे वाटणार नाहीत.

आपल्या देशात १९४७ मध्ये भारतीय मानक संस्था स्थापन झाली. १९८७ पासून तिचे कार्य भारतीय मानक ब्यूरोकडे आले. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे स्वीकारली गेली, आणि आज दुकानात मिळणारे बोल्ट बहुतेक मिलिमीटरच्या मापाचे असतात. 'एम १०' म्हणजे ज्याची बाहेरची जाडी दहा मिलिमीटर आहे तो. त्याच्या नेहमीच्या आट्यांतील अंतर दीड मिलिमीटर असते. असा एक बोल्ट आणून मुलांना दहा आट्यांची लांबी पट्टीने मोजावयास सांगावी. ती पंधरा मिलिमीटर भरेल. एकदम एक आटा मोजण्यापेक्षा दहा मोजून दहाने भागणे अधिक अचूक, ही शास्त्रीय मोजमापाची युक्तीही त्याबरोबर शिकविली जाईल.

बंधुभगिनींनो, आता आपल्या शाळेकडे वळू. द्विशिक्षकी शाळेत प्रयोगशाळा कोठून आणावी, अशी अडचण नेहमी सांगितली जाते, आणि ती खोटी नाही. पण या पाठाला लागणारे साहित्य म्हणजे एक कागद, एक पेन्सिल, एक नट-बोल्ट, एक स्क्रू, एक खिळा, मऊ लाकडाचा तुकडा आणि पेचकस. गावातील सुताराकडे किंवा सायकल दुरुस्त करणाऱ्याकडे यांपैकी बहुतेक वस्तू मागितल्या तर मिळतात. त्यांनाच एक तासभर शाळेत बोलावता आले तर त्याहून उत्तम. सुताराचे ज्ञान हाताचे असते, आपले शब्दांचे. मुलाला दोन्ही मिळाली पाहिजेत. आणि गावातील कारागिराला शाळेत मानाने बसविलेले मुलांनी पाहणे, हाही एक पाठच आहे.

पाठाचा क्रम असा ठेवावा, असे मी सुचवीन. पहिल्या दिवशी वस्तू शोधाव्या व पाहाव्या. दुसऱ्या दिवशी कागदाचा त्रिकोण गुंडाळावा. तिसऱ्या दिवशी लाकडात खिळा व स्क्रू बसवून काढून पाहावे. चौथ्या दिवशी मोजमाप व गणित. व्याख्या सर्वांत शेवटी, आणि तीही मुलांच्या शब्दांत. व्याख्येपासून आरंभ केलेला पाठ व्याख्येतच संपतो.

पाठाची समाप्ती एखाद्या खऱ्या कामाने व्हावी. शाळेच्या दाराची बिजागरी सैल झालेली असते, कारण स्क्रूचे भोक मोठे झालेले असते. त्या भोकात सरस लावून लाकडाची बारीक काडी बसवावी, ती वाळू द्यावी, आणि मग गिरमिटाने लहान भोक पाडून स्क्रू पुन्हा बसवावा. स्क्रूच्या आट्यांना थोडे मेण लावले तर तो सुलभ जातो. गंजून बसलेला स्क्रू काढताना प्रथम तेल सोडून काही वेळ थांबावे, आणि उलट फिरविण्यापूर्वी किंचित आवळून पाहावे, म्हणजे गंजाची पकड सुटते. पेचकसाचे टोक खाचेत नीट बसणारे घ्यावे. लहान टोकाने खाच बिघडते आणि हात घसरून इजा होते. लाकूड हातात धरून त्यावर पेचकस चालवू देऊ नये. ते जमिनीवर किंवा बाकावर टेकलेले असावे. विजेच्या उपकरणाचा स्क्रू मुलांनी कधीही उघडू नये, ही ताकीद प्रत्येक वेळी द्यावी. एवढी काळजी घेतली तर पाचवी ते सातवीची मुले हे काम आनंदाने करतील. आपण दुरुस्त केलेले दार रोज उघडताना त्यांना साध्या यंत्राचा पाठ आठवेल, आणि तो पुस्तक मिटल्यावरही त्यांच्याजवळ राहील.

मराठीत स्क्रूला पेच असेही म्हणतात. पेच म्हणजे पीळ, वेढा. कुस्तीतला पेच, पतंगांचा पेच आणि पेचप्रसंग हे सारे त्याच शब्दाचे गोत्र. अडचणीत सापडलेल्या माणसाला आपण पेचात पडलेला म्हणतो. पेच ओढून सुटत नाही, ठोकून सुटत नाही; तो कोणत्या दिशेने वळला आहे हे पाहून, त्याच वाटेने सावकाश फिरवूनच सुटतो. मंद समजल्या जाणाऱ्या मुलाच्या बाबतीतही मला तसेच वाटते. त्याचे आटे कोणत्या बाजूचे आहेत हे न पाहता आपण जोर करीत राहिलो, तर सायकलीच्या डाव्या पेडलप्रमाणे तो अधिकच घट्ट मिटत जातो.

येत्या महिन्यात आपण प्रत्येकाने आपल्या वर्गात हा एक वस्तुपाठ घेऊन पाहावा, आणि पुढील केंद्रसंमेलनात आपला अनुभव, मुलांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांनी शोधून आणलेल्या वस्तूंची यादी सोबत आणावी, अशी माझी नम्र विनंती आहे. मुलांचे प्रश्न आपल्या उत्तरांहून अधिक मोलाचे ठरतील, याविषयी मला शंका नाही.